पळसाची गोधडी : चिंध्यांतून झाड साकारण्याची प्रक्रिया आणि तिची भाषा

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

- कापडाच्या तुकड्यांतून झाडाचे चित्र असलेली गोधडी कशी तयार होते, हे क्रमाने सांगता येईल.
- प्रत्येक टप्प्यामागील कारण स्पष्ट करता येईल.
- या कामाशी निगडित मराठी शब्दांचे, विशेषतः क्रियापदांचे, महत्त्व विशद करता येईल.
- आपल्या परिसरातील एखाद्या हस्तव्यवसायाची शब्दसंपदा पद्धतशीरपणे नोंदवता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्या मराठी घरात कापड एकदम टाकून दिले जात नसे. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की ते तेथे कापून, चांगले भाग एकमेकांना जोडून पुन्हा नेसण्याजोगे करीत. या जोडाला 'दांड' किंवा 'दंड' म्हणतात. दांड घातलेले लुगडेही विरले की त्याचे दुपटे होई, दुपट्याचे फडके होई आणि फडक्याचे शेवटी पोतेरे होई. या उतरंडीत गोधडीचे स्थान वेगळे आहे. झिजत चाललेले कापड येथे खालच्या पायरीवर जात नाही. ते इतर कापडांच्या सोबतीने पुन्हा वर चढते आणि पुढे कित्येक वर्षे पांघरूण म्हणून टिकते.

गोधडीला प्रदेशानुसार निरनिराळी नावे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात 'वाकळ' हा शब्द सर्रास ऐकू येतो. 'दुपटे' आणि 'चौघडी' या शब्दांत थरांची संख्याच सांगितलेली आहे. जाड सुती पांघरुणाला 'पासोडी' म्हणत. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा शब्द अपरिचित नसावा, कारण अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपले 'पंचीकरण' या नावाने ओळखले जाणारे विवेचन अशा पासोडीवरच लिहिले. संस्कृतातील 'कन्था' हा शब्द मराठीत 'कंथा' म्हणून आला आणि बंगालमध्ये तो 'कांथा' या शिवणकामाच्या नावाने आजही नांदतो आहे.

बोलींतील शब्दसंग्रहाचे काम करीत असताना, पुष्कळ वर्षांपूर्वी, मी माझ्या आत्याकडे वही घेऊन बसलो होतो. गोधडीच्या भागांची नावे तिने भराभर सांगितली. पुढे, हे सारे करतात कसे, असे विचारल्यावर मात्र ती थांबली. "अरे, ते असं बसून सांगता येत नाही. सुई धर," असे म्हणून तिने अर्धवट शिवलेली वाकळ माझ्या पुढ्यात ओढली. त्यानंतरच्या तासाभरात वहीची तीन पाने भरली. आज आत्या नाही. ती पाने मात्र आहेत, आणि त्यांत 'वळसा घेणे – कोपरा' अशी एक नोंद आहे. कोपऱ्यावर वळसा सुईने घ्यायचा, दोऱ्याने घ्यायचा, की अख्खी वाकळच फिरवायची, हे मी लिहून ठेवले नाही. शब्द माझ्याजवळ उरला, पण त्यातील क्रिया हरवली.

ही चूक या घटकाचे प्रयोजन आहे. 'गोधडी' हे नाम आज दुकानांतही सुखाने नांदते आहे. ती घडवताना लागणारी क्रियापदे मात्र करणाऱ्याच्या हातांतच राहतात, आणि हात थांबले की तीही थांबतात. म्हणून आपण येथे एक गोधडी प्रत्यक्ष कशी होते ते पाहू आणि वाटेत येणारे शब्द त्यांच्या क्रियेसह समजून घेऊ.

३. विषय-विवेचन

३.१ झाडाची निवड

पारंपरिक गोधडीत चौकोन, त्रिकोण आणि पट्ट्या यांची मांडणी प्रामुख्याने असते. बंगालमधील नक्षीदार कांथांत मध्यभागी कमळ आणि चार कोपऱ्यांत झाडे किंवा कुयऱ्या अशी रचना पुष्कळदा आढळते. आपल्याला भिंतीवर टांगता येईल अशी, एकाच झाडाचे चित्र असलेली गोधडी करावयाची आहे. अशा कामाला आता 'वस्त्रकला' म्हणतात, तथापि तिचे तंत्र आजीच्या गोधडीचेच आहे.

झाड म्हणून आपण पळस घेऊ. यामागे तीन कारणे आहेत. पहिले असे की, फाल्गुनाच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा त्याची बहुतेक पाने गळालेली असतात. त्यामुळे खोड, फांद्या आणि फुले एवढ्यांतच चित्र पूर्ण होते व शेकडो पाने कापावी लागत नाहीत. दुसरे असे की, त्याचे खोड वाकडेतिकडे असते. नवशिक्याच्या कात्रीने रेषा थोडी चुकली तरी ती पळसाला शोभून दिसते. तिसरे कारण रंगांचे. भगव्या-केशरी फुलांमागे गडद तपकिरी, मखमली देठकोश आणि राखाडी फांद्या, ही रंगसंगती जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सहज सापडते.

काम सुरू करण्यापूर्वी झाड नीट पाहावे. पळसाच्या फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते, आणि तेवढी वळणदार आकृती साधली की फूल ओळखू येते. पाने दाखवायची झाल्यास ती त्रिदलीच हवीत आणि मधले दल बाजूच्या दोन दलांपेक्षा मोठे हवे. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण 'परिस्थिती सगळीकडे सारखीच' या अर्थाने वापरतो. तिच्या मुळाशी असे बारकाईचे निरीक्षण आहे.

३.२ चिंध्यांची निवड

गोधडीचा सर्वसाधारण नियम असा की, एकत्र शिवले जाणारे कापड एका स्वभावाचे असावे. धुतल्यावर काही तुकडे आकसले आणि काही तसेच राहिले, तर गोधडीला चुण्या पडतात. म्हणून सुती कापडच निवडावे आणि नवा तुकडा असेल तर तो आधी धुऊन घ्यावा. जुने सुती लुगडे, धोतर, सदरा किंवा परकर यांचे कापड अनेक धुण्यांनी मऊ झालेले असते व त्यातून सुई सहज जाते. जीन्सचे जाड कापड खोडासाठी मोहात पाडते, परंतु हाताने शिवताना त्याच्या जोडांतून सुई निघत नाही.

लाल आणि केशरी कापडांचा रंग सुटण्याची भीती असते. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. डाग उमटल्यास तो तुकडा बाजूला ठेवावा, कारण एका फुलाच्या रंगाने सारे आभाळ डागाळू शकते.

सर्व फुले एकाच कापडाची घेऊ नयेत. गडद केशरी, विटका भगवा, तांबूस, पिवळसर असे निदान चार-पाच तुकडे असावेत. गडद छटा फांदीच्या आतील बाजूस आणि फिकट छटा उजेडाच्या बाजूस मांडल्या की झाडाला खोली येते. छटांचा फरक कळत नसेल तर डोळे किलकिले करून पाहावे. तसे पाहताना रंग पुसट होतात आणि गडद-फिकटपणा तेवढा शिल्लक राहतो.

३.३ रेखाटन आणि कापणी

आपली गोधडी ३६ इंच रुंद आणि ४८ इंच उंच धरू. पार्श्वभूमीसाठी फिकट निळसर किंवा मातकट पिवळे कापड घ्यावे. हे कापड मापापेक्षा सर्व बाजूंनी एकेक इंच मोठे ठेवावे, कारण टाके घालताना ते थोडे आखडते. वर्तमानपत्रे चिकटवून त्याच मापाचा कागद करावा व त्यावर खोड आणि मुख्य फांद्या कोळशाने किंवा जाड पेन्सिलीने काढाव्यात. फुले या टप्प्यावर काढू नयेत.

कापडात उभे आणि आडवे धागे असतात. धाग्याच्या दिशेने कापलेली पट्टी सरळ राहते व ताणली जात नाही. तिरपी कापलेली पट्टी मात्र ताणली जाते आणि वळवली तशी वळते. शिंपी तिला 'क्रॉस पट्टी' म्हणतात. म्हणून खोडाचे तुकडे सरळ धाग्यावर आणि फांद्यांच्या पट्ट्या तिरप्या कापाव्यात. फांदीला हवा तो बाक देता येतो आणि तिला चुण्या पडत नाहीत.

प्रत्येक तुकडा प्रत्यक्ष मापापेक्षा सर्व बाजूंनी पाव इंच मोठा कापावा. ही जादा कड आत वळवायची असते. या वळवण्याला 'मुडपणे' असा नेमका शब्द आहे. 'दुमडणे' म्हणजे कापडाची घडी करणे, तर 'मुडपणे' म्हणजे कड आत घेणे. लिहिताना आपण हे दोन शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु शिवताना तसा गोंधळ परवडत नाही.

फुलांसाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा, सुमारे दोन इंच लांबीचा, चोचीसारखा साचा कापावा. कापडाचा तुकडा त्यावर ठेवून कड साच्यावर मुडपावी आणि इस्त्रीने दाबावी. साचा अलगद काढून घेतला की फुलाचा आकार तयार होतो. आतल्या वळणावर कड ताणली जाते. तेथे कात्रीच्या टोकाने दोन-तीन लहान काप द्यावेत, मात्र ते मुडपण्याच्या रेषेपर्यंत नेऊ नयेत.

३.४ मांडणी आणि जोडणी

पार्श्वभूमीचे कापड जमिनीवर पसरून त्यावर सर्व तुकडे न शिवता मांडावेत. मागे जे आहे ते आधी आणि पुढे जे आहे ते नंतर, हा क्रम येथे महत्त्वाचा असतो. प्रथम दूरच्या बारीक फांद्या, त्यांवर खोड, त्यांवर पुढच्या फांद्या आणि शेवटी फुले. फांदीचे टोक खोडाखाली सरकवले की तेथील कड मुडपावी लागत नाही व जोड जाड होत नाही. फुले झुपक्यांनी मांडावीत आणि प्रत्येकाच्या बुडाशी गडद तपकिरी तुकडा द्यावा. झाडाभोवती मोकळी जागाही ठेवावी, म्हणजे फुलांची गर्दी डोळ्यांत भरते.

ही मांडणी एक रात्र तशीच ठेवता आली तर उत्तम. सकाळी ताज्या नजरेने पाहिले की कोणती फांदी जड झाली आहे ते लगेच कळते. मनासारखे झाल्यावर तुकडे टाचण्यांनी 'टाचावेत' आणि मग 'कच्चा टाका' घालावा. कच्चा टाका म्हणजे मोठ्या अंतराचा, नंतर काढून टाकायचा टाका. काम तात्पुरते धरून ठेवणे एवढाच त्याचा हेतू असतो. पक्की जोडणी बारीक आडव्या टाक्यांनी करावी. शिवणवर्गात हिला 'हेमिंग' म्हणतात, तर पुष्कळ घरांत 'तुरपाई'. सुई मुडपलेल्या कडेच्या अगदी काठातून वर काढून लगेच खालच्या कापडात उतरवावी, म्हणजे टाका दिसत नाही. फांद्यांना त्यांच्याच रंगाचा दोरा घ्यावा.

दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते, पण तो पीळ घेतो, गुंततो आणि कापडातून पुन्हापुन्हा गेल्याने झिजतो. त्यावरून मेणबत्तीचा तुकडा फिरवून घेतला तर गुंता कमी होतो.

३.५ तीन थर आणि धावदोरा

येथपर्यंत तयार झाले ते चित्र. त्याची गोधडी होते ती थर एकत्र आल्यावर. खाली अस्तर, मध्ये जुन्या धोतराचा किंवा सुती चादरीचा मऊ थर आणि वर झाड असलेले दर्शनी कापड, असे तीन थर आपण घेऊ. अस्तर मापापेक्षा सर्व बाजूंनी दोन इंच मोठे असावे. ते जमिनीवर ताणून पसरावे, त्यावरील दोन्ही थरांच्या सुरकुत्या तळहाताने मध्यापासून कडेकडे सारत न्याव्यात आणि तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी उभे-आडवे बांधून घ्यावेत.

यानंतर 'धावदोरा' घालावयाचा. सुई खाली-वर, खाली-वर करीत सरळ पुढे जाते. टाका मागे फिरत नाही, म्हणून तो धावदोरा. एका इंचात चार-पाच टाके पडले तरी पुरेसे आहेत. त्यांतील अंतर सारखे राहणे अधिक महत्त्वाचे.

टाके कोठून सुरू करावेत, याचे उत्तर कामाच्या रचनेवर अवलंबून असते. पारंपरिक गोधडीत पुष्कळदा आधी चारही कडा पक्क्या करून टाक्यांच्या ओळी कडेने फिरत मध्याकडे नेल्या जातात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रियांची 'कवंदी'ही अशीच कडेकडून आत वाढते. तिच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान तुकडे बसवतात आणि त्यांना 'फूल' म्हणतात. ही फुले नसतील तर कवंदी अपुरी समजली जाते. आपल्या गोधडीचे दर्शनी कापड मात्र आधीच पूर्ण झालेले आहे. कडेपासून सुरुवात केल्यास सैल कापड मध्ये गोळा होऊन खोडावरच फुगवटा येईल. म्हणून येथे खोडापासून प्रारंभ करून बाहेर जावे, म्हणजे सैलपणा कडेला सरकतो आणि तेथे कापून टाकता येतो.

धावदोरा थर धरून ठेवतो, तसाच तो रेखाटनही करतो. खोडावर उभ्या वेड्यावाकड्या ओळी घातल्या की सालीचा खडबडीतपणा दिसू लागतो. फांद्यांवर लांबीच्या दिशेने ओळी घालाव्यात. फुलांवर टाका न घालता त्यांच्या अगदी कडेने ओळ फिरवावी, म्हणजे फुले किंचित उठून दिसतात. आभाळात झाडाच्या बाह्यरेषेला समांतर, सुमारे अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी फिरवीत न्याव्यात. पाण्यात खडा टाकल्यावर उमटणाऱ्या वर्तुळांसारखे हे टाके झाडाभोवती पसरतात. एखादी ओळ बिघडली तर ती 'उसवून' पुन्हा घालावी. उसवणे हा अपयशाचा शब्द नाही. शिवणाऱ्याच्या कामाचा तो नित्याचा भाग आहे.

३.६ कडा आणि निगा

टाके पूर्ण झाल्यावर कच्चे टाके काढावेत. वरचे दोन थर मापात सरळ कापावेत. बाहेर उरलेले अस्तर दोनदा वळवून पुढच्या बाजूला आणावे व तेथे तुरपाई करावी, म्हणजे वेगळी पट्टी न जोडता एक इंचाची किनार मिळते. टांगण्यासाठी मागील बाजूस, वरच्या कडेला, कापडाची लांब नळी शिवून तीत काठी घालावी. खिळे थेट कापडाला मारू नयेत, कारण सारा भार दोन बिंदूंवर येऊन कापड फाटते. थेट उन्हात रंग विटतात, म्हणून जागा सावलीची निवडावी. धुणे आवश्यक झाल्यास थंड पाण्यात, न पिळता धुवावे आणि आडवे पसरून वाळवावे.

३.७ प्रक्रियेची भाषा

आता आपण वापरलेले शब्द पुन्हा पाहू. गोधडी, वाकळ, चिंधी, ठिगळ, अस्तर ही नामे. कातरणे, मुडपणे, टाचणे, दांड घालणे, धावदोरा घालणे, तुरपणे, उसवणे ही क्रियापदे व क्रियावाचक शब्दप्रयोग. पहिल्या गटातील शब्द शिवण न जाणणाऱ्यालाही कळतात. 'आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार' या म्हणीतून किंवा 'चिंध्या करणे' यासारख्या वाक्प्रचारातून ते आपल्या भाषेत पक्के रुजले आहेत. दुसऱ्या गटातील शब्दांचा अर्थ मात्र क्रियेच्या तपशिलावर उभा आहे. 'मुडपणे' आणि 'दुमडणे', 'टाचणे' आणि 'शिवणे', 'कच्चा टाका' आणि 'धावदोरा' यांतील भेद कोशातील एका ओळीत पुरतेपणी मावत नाही. तो सुई हातात असताना उलगडतो.

यातून शब्दसंग्राहकासाठी एक सूत्र निघते. हस्तव्यवसायातील शब्द नोंदवताना चार गोष्टी एकत्र नोंदवाव्यात : शब्द, क्रिया कशी होते, ती कोणत्या टप्प्यावर होते, आणि तसे न केल्यास काय बिघडते. यांतील चौथी गोष्ट बहुधा राहून जाते. वस्तुतः अर्थाची सीमारेषा तीच आखते. 'कच्चा टाका काढला नाही तर काय होते?' असे विचारले की त्या शब्दाचा हेतू आपोआप बाहेर येतो. आत्याला मी असा एक प्रश्न विचारला असता, तर 'वळसा घेणे' आज माझ्या वहीत कोडे होऊन पडले नसते.

४. सारांश

गोधडी म्हणजे झिजलेल्या कापडाला पुन्हा कामास आणण्याची रीत. झाडाचे चित्र असलेली गोधडी करताना निरीक्षण, कापडाची पारख, धाग्याच्या दिशेचे ज्ञान, मांडणीचा क्रम आणि टाक्यांची दिशा अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. या प्रत्येक टप्प्याला मराठीत नेमके शब्द आहेत. वस्तूचे नाव बाजारात टिकून राहते, पण ती घडवण्याचे शब्द घडवण्याच्या क्रियेबरोबरच टिकतात. म्हणून शब्दांची नोंद करताना क्रियेचीही नोंद करणे आवश्यक ठरते.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. फांद्यांच्या पट्ट्या तिरप्या का कापाव्यात? कारणासह लिहा.

२. 'मुडपणे' आणि 'दुमडणे' या शब्दांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

३. पारंपरिक गोधडी आणि या घटकातील पळसाची गोधडी यांत टाके घालण्याच्या दिशेत फरक का पडतो?

४. 'नामे टिकतात, क्रियापदे आधी जातात' या निरीक्षणाची आपल्या परिसरातील एखाद्या अन्य व्यवसायाच्या आधारे चर्चा करा.

उपक्रम : आपल्या घरी किंवा शेजारी गोधडी शिवणारी, अथवा पूर्वी शिवलेली, कोणी व्यक्ती असेल तर तिच्याजवळ बसा. प्रश्नावली घेऊन जाण्याऐवजी एक लहानसा तुकडा आणि सुई-दोरा घेऊन जा व प्रत्यक्ष काही टाके घाला. त्या वेळी कानांवर पडलेले किमान दहा शब्द वर दिलेल्या चार मुद्द्यांनुसार लिहा. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हे शब्द आजही बोलले जात असतील, आणि नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपेक्षा आपण त्यांच्या अधिक जवळ आहात. आपल्या नोंदीत 'वळसा घेणे' हा शब्दप्रयोग सापडला, तर तो कसा घेतात तेही अवश्य लिहून ठेवा.